वरची ओढ

खाडीच्या दाराशी, होल्डिंग पाँडच्या केबिनमध्ये,
तेलकट टेबलावर मी ठेवते
पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक.
हसूराम म्हात्रे विचारतात, याचा बाकीचा भाग कुठाय?

एवढाच आहे, काका.
चाळीस पिना, दोन रांगांत उभ्या,
आणि आत लिनक्स.
तो तुमच्या जुन्या मुकादमासारखा
आधी विचारतो, परवानगी आहे का?
दोनदा नाही म्हणतो.
तिसऱ्यांदा मी रूट होऊन शिरते.

मोजणीत चुकलेच.
सतरा नंबर म्हणून सतराव्या पिनेला वायर लावली,
तिथे नुसतेच वाहत होते तीन पूर्णांक तीन व्होल्ट.
खरा सतरा राहतो अकराव्या जागी.
कोपरखैरण्यात वाढलेल्या मुलीने
यात गोंधळू नये खरं तर,
आमचे सेक्टरही आकड्यांचा शेजारधर्म पाळत नाहीत
आणि म्हात्र्यांच्या गावठाणाला तर
आकडा मिळालाच नाही.

सुरू होताना बहुतेक पिना ऐकणाऱ्याच असतात.
एकेकीला सांगावं लागतं:
तू इन, पाण्याचं ऐक.
तू आऊट, दिवा लाव, भोंगा वाजव.
दोघी समोरासमोर बोलायला लागल्या
की एक जळते.
हे मी वासासकट शिकलेय,
तुर्भ्याच्या वर्कशॉपमध्ये, मालकाच्या बोर्डावर.

मग दाराखाली सोडलेल्या फ्लोटची पिन वाचली:
एक. शून्य. एक. एक. शून्य.
बाहेर ओहोटी, चिखलात बगळे उभे,
पाणी दारापासून पुरुषभर खाली,
आणि ही म्हणते आलं, गेलं, आलं, आलं.
मी नुसता हात जवळ नेला तरी उत्तर बदललं.
म्हात्रे वाकून पडद्याकडे बघतात,
"झोपेत बरलतंय का काय?"

बरळतच होती.
वायर मोकळी, कुणाचीच ओढ नाही,
मग हवेतलं काहीही खरं वाटतं तिला.
ट्यूबलाइट, माझं बोट,
पामबीचवरून जाणारी एखादी मोटरसायकल.
एक ओळ लिहिली, तिला वरची ओढ लावली:
कुणी खाली खेचेपर्यंत एकच म्हणत राहा.
एक. एक. एक. एक.
शून्य आलं तर समजायचं, पाणी आलं.

"म्हंजे उलटाच हिसाब," म्हात्रे म्हणाले
आणि चहाला गेले.

तेवढ्यात वीज गेली.
आली, तेव्हा बोर्ड उठून बसला
आणि तारीख सांगू लागला मागच्या मंगळवारची.
त्याच्यात घड्याळाचा सेल नाही,
विझला तिथूनच त्याचं जग पुढे चालू होतं.
इथे मोबाइलला रेंज नाही, नेट नाही.
भरती कधी, ते मी कुणाला विचारू?

म्हात्र्यांनी बशी खाली ठेवली.
अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला.
आज द्वादशी. तिथीची पाऊणपट करायची.
बारा पाऊणे नऊ.
"नवाला भरलं. त्याच्या आधी दाराशी येल."

मी तारीख हाताने टाकली, वेळ त्यांच्या घड्याळाची.
मग आम्ही बसलो. डास. लिंबाच्या गोळ्या.
एक. एक. एक.
त्यांनी सांगितलं, पुढच्या महिन्यात कंत्राट संपतंय,
नवा माणूस ठेवणार नाहीत, हेच ठेवणार.
त्यांनी बोर्डाकडे बोट दाखवलं नाही,
नुसती हनुवटी.
मी काहीच बोलले नाही.
इन वर ठेवलेल्या पिनेसारखी.

आठ वाजून सदतीस मिनिटांनी: शून्य.
रिले टक् झाला, दिवा लागला,
मी ओरडले, काका!
काका केबिनमध्ये नव्हतेच.
कधीचे दाराच्या चाकापाशी,
तोंडात बॅटरी धरून, दोन्ही हातांनी फिरवत.

प्रोग्राम बंद केला की दिवा विझतो,
कुणीतरी सतत धरून ठेवावं लागतं.
म्हणून तो सुरुवातीलाच आपोआप चालेल असं केलं
आणि फाइलच्या डोक्यावर,
जी ओळ यंत्र वाचत नाही तिथे, लिहिलं:
शंका आली तर हसूराम म्हात्रे यांना विचारावे.
पुढे मोबाइल नंबर.

त्यांनी चष्मा लावून तो वाचला,
आणि शेवटून तिसरा आकडा
दुरुस्त करायला लावला.